शेअरवर नाव एकाचंच

घाटकोपरच्या त्या चाळीत जयवंत धुरीला नुसतं नावानं हाक मारायची कोणाची छाती नव्हती. लहानथोर सगळे त्याला जॉबर म्हणायचे. कुर्ल्याच्या एका गिरणीत साचेखात्यात, विणकरांच्या मागांवर, तो जॉबर म्हणजे मुकादम होता, आणि साधासुधा जॉबर नाही. गावाकडनं आलेल्या माणसाला गिरणीत चिकटवायचं तर दहा साहेबांच्या पाया पडण्यापेक्षा जयवंतला एकदा सांगितलेलं पुरायचं. गोरा मॅनेजर विलायतेला परत गेला तेव्हा ज्या मोजक्या माणसांशी त्यानं हात मिळवला त्यांत जयवंत होता. हे सगळं खरं होतं. खरं नसतं तरी चाळीला पाठ झालंच असतं, कारण दर रविवारी ओट्यावर बसून जयवंत ते सांगायचा.

शाळा चौथीपर्यंत. "चौथीत मास्तरच म्हणाला, बाबा रे, तुला शिकवायला माझ्याकडं आता काय उरलं नाही," असं तो सांगायचा, आणि हसायचं धाडस कोणी करायचं नाही.

बाप गेला तेव्हा धाकटा लवू लंगोटीत होता. जयवंतनं त्याला मुंबईत आणला, सातवी पास करवला, त्याचं लग्न करून दिलं. जयवंतची बायको गावी शेती बघायची. इथं एका खोलीत जयवंत, लवू आणि लवूची बायको मालन. लवू स्वभावानं गरीब, बोलला तर हळू. पण अक्षर मोत्यासारखं, आणि चाळीतल्या बायकांची गावची पत्रं तोच लिहून द्यायचा. जयवंतला त्याचं केवढं कौतुक! "आमचा लवू कंपनीत आहे," तो छाती काढून सांगायचा. कंपनीत लवू शिपाई होता. पण शिपाई हा शब्द त्या खोलीत कोणी उच्चारत नसे.

कंपनीचं नाव दीपमाळ ग्लास अँड बल्ब कंपनी लिमिटेड. ऑफिस कोटात, म्हणजे फोर्टात, कारखाना मुलुंडला व्हायचा होता. मुलुंडच्या माळावर तारेचं कुंपण घातलं होतं, मोठी पाटी लावली होती, आणि कोणा पाहुण्याच्या हातून नारळही फोडला होता. कारखाना उभा राहायच्या आधीच शेअर विकायला काढले होते. लवू घरोघर अर्ज पोचवायचा, पैसे ऑफिसात नेऊन भरायचा आणि पावती फाडून द्यायचा. पावतीवर सही लवूची. कंपनीचा शेठ कशाला सही करतोय!

चाळीत कुजबुज सुरू झाली. दीपमाळ म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला आपल्या देवळापुढचीच दिसते. खानावळवाली वनमाला एकदा लवूला दारात अडवून म्हणाली, "काय रे लवू, घेऊ का मी पण? पोरीच्या लग्नाला होतील."

"वनमालाबाय, मी फक्त कागद पोचवतो," लवू म्हणाला. "आतलं मला काय ठाऊक नाही."

हे जयवंतच्या कानावर गेलं. त्याला ते आवडलं नाही. धुऱ्याच्या पोरानं दारात उभं राहून आपल्याला ठाऊक नाही म्हणावं? मग एका शनिवारी धुतलेला कोट घालून जयवंत स्वतः कोटातल्या ऑफिसात गेला.

चंद्रप्रकाश शेठ त्याला बघून खुर्चीतनं उठला. उठला! गिरणीतला मालक जयवंतला बघून उभ्या जन्मात उठला नव्हता. शेठनं त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, नळी घातलेली थंड बाटली मागवली आणि म्हणाला, "जयवंतराव, लवू आमचा माणूस. म्हणजे तुम्हीही आमचे. तुमच्यासारखी कामगारांची नाडी ओळखणारी माणसं आम्हाला मुलुंडला लागतील." टेबलावर एक बल्ब ठेवला होता. शेठनं बटण दाबलं आणि तो पेटला. "आपला माल," शेठ म्हणाला. तो बल्ब लोहार चाळीच्या बाजारातनं आणलेला होता हे फार पुढं कळलं. पण त्या शनिवारी जयवंतच्या डोळ्यांत असा काही उजेड पडला की चाळीत येईपर्यंत तो विझला नाही.

ओट्यावर तो म्हणाला, "मी बघून आलोय. डोळ्यांनी. कोणाला काय विचारायचं असेल तर मला विचारा."

कोणी काही विचारलं नाही. जॉबर बघून आला म्हणजे झालं.

कंपनी एकेकटा शेअर विकत नव्हती, गठ्ठ्यानं घ्यायला लागायचे. चाळीत एकेकट्याला तेवढं झेपणारं नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी गावचा रिवाज लावला. गावी देवाची जमीन मानकऱ्याच्या नावावर असते. कागदावर नाव त्याचं, पिकेल ते सगळ्यांच्या ताटात. कोणी कधी त्याचा कागद केला नाही की कधी भांडण झालं नाही. तसंच इथं. वनमालानं पैसे दिले, विणकर काशीरामनं दिले, बाकीच्यांनी जमेल तसे दिले, आणि अर्जावर नाव घातलं जयवंत धुरीचं. लवूनं मालनच्या पाटल्या मोडल्या आणि ते पैसेही त्यात घातले. "दादा बघून आलाय," तो मालनला म्हणाला.

शेअरचे छापील कागद आले. त्यांवर जयवंतचं पुरं नाव टाईप केलेलं. जयवंतनं ते काचेत मढवून भिंतीवर टांगले. देवाच्या फोटोपेक्षा चार बोटं खालीच टांगले, तेवढी त्याला अक्कल होती.

वर्ष गेलं, कारखाना काही उठेना. एका सुट्टीला काशीराम मुलुंडला नातेवाइकाकडं गेला होता, तो तसाच माळावर गेला. तिथं पाटी नव्हती. कुंपणाच्या आत म्हशी बांधल्या होत्या. म्हशींचा भय्या म्हणाला, जागा आमच्या मालकाची, तुमच्या कंपनीनं भाड्यानं घेतली होती, भाडं थकवून पळाली.

काशीराम चाळीत शिरला तो ओरडतच. "ओ जॉबर! आपला बल्ब दूध द्यायला लागला!"

पहिल्यांदा लोक हसले. मग कोणाला तरी खरं काय ते समजलं, आणि वनमालानं जो टाहो फोडला त्यानं सगळ्यांचं हसणं जागच्या जागी थिजलं.

पोलीस ठाण्यावर सगळी चाळ गेली. इन्स्पेक्टरनं विचारलं, "शेअर कोणाच्या नावावर?"

"माझ्या," जयवंत म्हणाला.

"मग फसलेले तुम्ही. बाकीच्यांनी बाहेर बसा."

"अहो साहेब, पैसे माझे पण आहेत!" वनमाला पुढं आली. "भाकऱ्या थापून जमवलेले!"

"नाव आहे तुमचं कागदावर?"

"नाव जॉबराचं. पैसे सगळ्यांचे. आमच्यात तसंच असतं."

"तुमच्यात असेल. कंपनी कायद्यात नाही," इन्स्पेक्टर म्हणाला आणि जयवंतकडं वळला. "बोला. तुम्हाला कोणी फसवलं?"

"मला कोण फसवतोय? चाळीला फसवलं. त्या शेठनं."

इन्स्पेक्टरनं 'फिर्यादीस फसवले' असं लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "पैसे हातात कोणी घेतले? पावती दाखवा."

पावतीवर लवूची मोत्यासारखी सही होती. जयवंत शेठचा काटा काढायला गेला होता. संध्याकाळी पोलीस चाळीत आले ते लवूला न्यायला. शेठलाही पकडला, पण तो जेवायच्या वेळेला घरी होता. लवूला सुटायला बरेच दिवस गेले.

त्याला जामिनावर सोडवला तो नंदकिशोर वकिलानं. मुलुंडचा पोरगा, घरात तीन पिढ्या हापिसं आणि वकिली, पण मनानं सरळ. खटला उभा राहायच्या आदल्या दिवशी तो धुऱ्यांच्या खोलीत आला आणि पाटावर मांडी घालून बसला.

"धुरी, नीट ऐका. सरकार म्हणतंय की दोघांनी मिळून तुम्हाला फसवलं. शेठचा बॅरिस्टर म्हणणार, आमच्या अशिलानं नाही, शिपायानं. तुम्ही कोणाच्या बोलण्यावरून शेअर घेतलेत, सगळं त्यावर आहे. खरं काय?"

"शेठकडं मी स्वतः गेलो होतो."

"झालं तर! तेवढंच सांगायचं. शेठनं मला ऑफिसात बसवून भुलवलं, मी त्याच्या बोलण्याला फसलो. लवूनं काही सांगितलं नाही, तो नुसता कागद पोचवायचा. बस. शेठ आत, लवू बाहेर. म्हणा बघू एकदा."

जयवंतनं घसा साफ केला. "शेठनं मला ऑफिसात बोलावून... फसवायचा प्रयत्न केला."

"प्रयत्न नाही हो. फसवलं."

"तेच ते."

"तेच नाही! मी फसलो म्हणा."

जयवंतनं दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं आणि काशीराम नेमका नळावर उभा होता. "वकीलसाहेब, माझ्या हाताखाली खातं आहे. उद्या कोर्टात माझे विणकर येणार. त्यांच्यासमोर हे माझ्या तोंडी शोभेल काय?"

लवू कोपऱ्यात बसला होता. तो हसला. "दादा, कोर्टात शोभा नाय रे बघत."

"तू गप रव," जयवंत म्हणाला, पण मायेनं. आणि मग दार लोटून घेऊन त्यानं ते वाक्य म्हटलं. हळू म्हटलं, पण पुरं म्हटलं. पडद्याआड उभ्या असलेल्या मालनचा सुस्कारा बाहेर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी चाळीनं रजा टाकली होती. कोर्टातली बाकं भरून गेली. काशीराम पुढच्या बाकावर, त्याच्या शेजारी वनमाला, मागं साचेखात्यातली पोरं. लवू आणि शेठ आरोपींच्या जागी शेजारी शेजारी उभे. शेठनं त्या दिवसासाठी मळका सदरा कुठनं पैदा केला होता देव जाणे. त्याची दाढी वाढली होती. जयवंत पिंजऱ्यात चढला तो कोटाची बटणं लावून, आणि त्याला बघून कोणालाही वाटलं असतं की फिर्यादी नाही, न्यायाधीशच आलाय.

सरकारी वकिलानं कागद दाखवले, नाव विचारलं, सही विचारली. सगळं ठीक झालं. मग शेठचा बॅरिस्टर उठला. त्यानं आवाज चढवला नाही. उलट नमस्कार केला.

"जयवंतराव, तुम्ही जॉबर. हाताखाली माणसं पुष्कळ असतील?"

"अख्खं खातं."

"एखादा कामचुकार खोटी सबब सांगायला लागला तर तुम्हाला कळतं?"

"त्यानं तोंड उघडायच्या आधी कळतं."

बाकांवर हशा पिकला. मॅजिस्ट्रेटच्या तोंडावरही हसू आलं. जयवंत जरा सैल झाला. त्यानं एक हात कठड्यावर ठेवला.

"म्हणजे माणूस ओळखण्यात तुम्ही पटाईत."

"चाळीत विचारा."

"विचारायला कशाला पाहिजे, दिसतंच आहे. मग आता ह्या माणसाकडं बघा." बॅरिस्टरनं शेठकडं बोट केलं. शेठ हात जोडून, मान टाकून उभा होता, सुकलेल्या पालेभाजीसारखा. "तुम्ही ह्यांना भेटलात. ह्यांच्याशी बोललात. हा माणूस तुमच्यासारख्याला बनवू शकेल?"

नंदकिशोर खोकला. लवूनं मान वर करून भावाकडं पाहिलं. वाक्य तयार होतं, जयवंतच्या जिभेच्या टोकावर होतं. पण त्याची नजर बाकांवर गेली. काशीरामचं तोंड अर्धवट उघडं होतं, बल्ब दूध द्यायला लागला म्हणताना होतं तसंच. मागची पोरं पुढं वाकली होती.

"कोणाला? मला?" जयवंत म्हणाला.

"तुम्हाला."

"कोणाच्या बापाची टाप नाही."

"अर्थात! म्हणजे ह्यांच्या बोलण्याला तुम्ही भुलला नाहीत."

"नाही."

"मग एवढे पैसे कोणाच्या शब्दावर दिलेत, जयवंतराव?"

 मागं फिरायला अजून जागा होती. एक पाऊल, एक शब्द. पण जयवंत धुरी आयुष्यात कधी मागं फिरला नव्हता, आणि ती सवय कोर्टात कुठनं येणार!

"भावाच्या," तो म्हणाला.

"कोण भाऊ?"

"हा. लवू. सातवी पास आहे. त्याचा शब्द म्हणजे शब्द. अख्खी चाळ त्याच्या शब्दावर चालते."

"त्यानं सांगितलं, शेअर घ्या?"

"सांगितलं."

"दादा," लवू म्हणाला. एवढंच. पोलिसानं त्याला गप केलं.

नंदकिशोर ताडकन उठला. "धुरी, आठवून सांगा. लवू म्हणत होता ना, मला आतलं काही ठाऊक नाही म्हणून?"

"माझा भाऊ न कळता कुठली गोष्ट करत नाही," जयवंत म्हणाला. "धुऱ्यांच्या घरात अडाणी कोणी नाही."

नंदकिशोर खाली बसला. त्यानं पेनाला टोपण लावलं.

वनमाला मागनं ओरडली, "साहेब, माझं ऐका! लवू मला म्हणाला होता, आतलं मला ठाऊक नाही! मला विचारा!"

"तुमचं नाव शेअरवर आहे?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"नाही, पण पैसे—"

"मग तुम्ही ह्या खटल्यात कोणी नाही. बसा."

आणि ती बसली. पैसे तिचे गेले, पोरीचं लग्न तिचं मोडलं, लवू काय बोलला ते तिनं कानांनी ऐकलं होतं, पण कोर्टाच्या हिशेबी फसलेला माणूस जगात एकच, जयवंत धुरी, आणि त्यानं सांगितलं होतं की मला कोणी फसवू शकत नाही, एका भावाशिवाय.

निकाल लागला. शेठवर एवढंच शाबीत झालं की कंपनीचे हिशेब सरकारात वेळेवर दिले नाहीत. त्याला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. दंड सरकारजमा, चाळीला त्यातला एक पैसा नाही. लवूला दीड वर्ष सक्तमजुरी. मॅजिस्ट्रेटनं वाचून दाखवलं, ज्या थोरल्या भावानं बापाच्या मायेनं वाढवलं त्याच्या आंधळ्या विश्वासाचा जो घात करतो, असा आरोपी दयेला पात्र नाही.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे शेठला कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायचं होतं. त्यानं बसून ती भोगली. ड्रायव्हरनं डबा आणला, तो खाल्ला. पान खाल्लं. दुपारी पंख्याखाली त्याचा डोळाही लागला. दुसऱ्या टोकाला लवू दोन शिपायांमध्ये उभा होता, गाडी यायची होती म्हणून. संध्याकाळी मॅजिस्ट्रेट उठले आणि शेठची सजा संपली. त्यानं आळस दिला, चप्पल शोधली आणि जाता जाता जयवंतसमोर थांबला.

"बरं आहे जयवंतराव. खरा माणूस भेटला."

जयवंतनं तोंड फिरवलं. लवूला गाडीत घालताना तो पुढं झाला, पण लवूनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो गर्दीत मालनला शोधत होता.

चाळीत परतल्यावर जयवंत कोणाच्या नजरेला नजर देईना. लोक तोंडावर थुंकतील असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच.

महिनोन् महिने चाळ पोळली होती. शेठपर्यंत कोणाचा हात पोचणार नव्हता. पण कोणीतरी आत गेला होता, ज्याचं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं होतं असा कोणीतरी. एकट्या वनमालानं आपलं दार लावून घेतलं. बाकी सगळ्यांच्या पोटात गार पडलं. रविवारी काशीराम स्वतः ओट्यावर आला.

"जॉबर, मानलं तुम्हाला. सख्खा भाऊ! दुसरा असता तर पाठीशी घातला असता."

"वाघाचं काळीज पाहिजे त्याला," दुसरा म्हणाला.

 जयवंतनं विडी पेटवली. पण थोड्या वेळानं तो नीट टेकून बसला, आणि गोऱ्या मॅनेजरची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली.

चाळीची सत्यनारायणाची पूजा आली. पूजेला बसायचा मान त्या वर्षी जॉबरला, आणि वर शालजोडी द्यायची असं ठरलं. त्याच दिवशी नंदकिशोर अपिलाचे कागद घेऊन आला. जयवंत धोतर नेसून तयार होता. बाहेर पाट मांडले होते, भटजी आले होते.

"मुदत आजची शेवटची," नंदकिशोर म्हणाला. "यात लिहिलंय की शेअर तुम्ही शेठच्या बोलण्याला भुलून घेतलेत, आणि लाजेपोटी कोर्टात खोटं बोललात. तुमच्यावर खोट्या साक्षीचा ठपका येईल. दंड होईल, फार तर थोडी सजा. पण लवूचं काहीतरी होईल. काहीतरी, धुरी. मी खात्री देत नाही."

"दंडाला मी भीत नाही," जयवंत म्हणाला. "सजेलाही नाही. माझं घड्याळ विका, कोट विका, मोठा बॅरिस्टर द्या. पैसे लागतील तेवढे आणतो."

"पैसे नकोत. सही पाहिजे."

"हे हायकोर्टात वाचतील?"

"वाचतील."

"पेपरात येईल?"

नंदकिशोरनं कागद त्याच्यापुढं सरकवला.

तेवढ्यात मालन पडदा सारून बाहेर आली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी उभी राहिली नव्हती, बोलायचं असलं तर पडद्याआडून बोलायची. आज डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तो तिनं सावरला नाही.

"भावोजी, एवढं म्हणा. फसलो म्हणा. अख्खी मुंबई फसते."

जयवंतनं टाक हातात घेतला. घेतला होता, नंदकिशोर नंतर शपथेवर सांगायचा. टाकाला शाईही लावली होती. आणि बाहेरनं काशीरामनं हाक मारली, "जॉबर, चला! मानकऱ्याविना पूजा खोळंबली!"

जयवंतनं टाक खाली ठेवला. "मी कोर्टात बोललो ते बोललो. जॉबर शब्द फिरवत नाही."

"भावोजी, तुमचा भाऊ खडी फोडतोय तिकडं."

"धुरी आहे तो. सोसेल."

मालन त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जा. तुमची शाल थंड होईल."

तो गेला. पाटावर बसला, हातावर पाणी घेतलं. कथा चालू असताना मालन बोचकं घेऊन त्या सगळ्या माणसांमधून निघून गेली. गोराईला तिची मावशी मासळी सुकवायच्या खळ्यावर कामाला होती, तिच्याकडं. कोणी तिला वाट दिली नाही, पाटांवरून ओलांडून जावं लागलं. एकजण म्हणालाही, "चोराची बायको, तोरा बघा."

जयवंतनं ते ऐकलं. भटजींनी सांगितलं तेव्हा त्यानं फूल वाहिलं.

लवू सुटला त्या दिवशी जयवंत ठाण्याच्या तुरुंगाच्या दरवाज्यावर उभा होता, पहाटेपासून. कोट घातलेला, हातात झेंडूचा भरगच्च हार. रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली मालन उभी होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

छोटं दार उघडलं आणि लवू बाहेर आला. तो निम्मा राहिला होता. डोकं भादरलेलं, हाताची बोटं चिरलेली, उजव्या हाताचं एक बोट वाकडं, जे पुढं सरळ झालंच नाही. पत्रं लिहायचा तो हात. जयवंत हार पसरून पुढं झाला. 

लवू थांबला. "ह्यो हार कोणाक हाडलंस?"

"तुका रे. चल घरी. चाळ वाट बघता."

"चाळीक काय सांगलंस तू? मी चोर म्हणान?"

"मी कधी म्हटलंय तसं? मी म्हटलं, माझो भाव—"

"काय म्हटलंस ता कोर्टात ऐकलंय मी," लवू म्हणाला. रागानं नाही. दमल्यासारखा. "मालनकडे वकिलानं सगळा सांगल्यान. टाक हातात घेतलेलंस म्हणे."

जयवंतचे ओठ हलले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ना काशीराम, ना साचेखात्यातली पोरं, ना मॅजिस्ट्रेट. दोन शब्द म्हणायला त्याहून बरी जागा जगात नव्हती. लवू वाट बघत उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला. मालनसुद्धा पलीकडं थांबली.

"तू वाळलंस रे," जयवंत म्हणाला.

लवूनं मान हलवली, रस्ता ओलांडला, बायकोच्या हातातलं बोचकं घेतलं आणि दोघं निघून गेली. मागं वळून दोघांतलं कोणी बघितलं नाही.

जयवंत घाटकोपरला आला तेव्हा ओटा भरलेला होता. हार त्यानं वाटेत कुठं टाकला ते कोणाला कळलं नाही.

"लवू खंय?" काशीरामनं विचारलं.

जयवंत ओट्याच्या मध्यावर, आपल्या जागी बसला. "गोराईला धाडला. मीच सांगितलं त्याला, चार महिने समुद्राची हवा खा, मासळी खा, अंग धर. यायला निघाला होता, मीच नको म्हटलं."

"बरं केलंत."

"पाया पडत होता रस्त्यात. मीच उठवला."

"मग, तुमच्यासारखा भाऊ कोणाला मिळतोय!" काशीराम म्हणाला, आणि विडीसाठी काडी ओढून त्यानं ती जयवंतच्या पुढं धरली.